पत्रकारांचे सत्कार पुरे, प्रशिक्षण सुरू करा!

३१ जानेवारी जवळ आला की आंबेडकरी पत्रकारांच्या घरी निमंत्रणपत्रिका येऊ लागतात. १९२० साली याच दिवशी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केला. त्याची आठवण ठेवून ठिकठिकाणी पत्रकारांच्या परिषदा भरतात, जिल्ह्याच्या भरतात आणि विभागाच्याही भरतात. त्या भरल्याच पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. प्रश्न एवढाच आहे की, या परिषदांमध्ये होते काय?

पत्रिकेवर वेळ सकाळी दहाची असते. उद्घाटन बारा वाजता होते. व्यासपीठावर वीस खुर्च्या असतात आणि त्यातल्या निम्म्या खुर्च्यांवर बसलेल्यांनी आयुष्यात बातमी लिहिलेली नसते. मग दीपप्रज्वलन, पुष्पहार, शाल, स्मृतिचिन्ह. आमदारसाहेब येतात, पत्रकार हा लोकशाहीचा चौथा स्तंभ आहे असे सांगतात आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून जातात. त्यांच्यामागून अर्धा सभागृह निघून जातो. दुपारी जेवण होते. जेवणानंतर ‘ग्रामीण पत्रकारांच्या समस्या’ या विषयावर परिसंवाद असतो. पण ज्यांच्या समस्या असतात ते ग्रामीण पत्रकार तोवर शेवटची एसटी पकडायला स्टँडवर गेलेले असतात!

मी हे दुरून टीका म्हणून लिहीत नाही. अशा व्यासपीठांवर मीही बसलो आहे आणि शाल मीही घेतली आहे. म्हणूनच आज हे लिहिण्याची गरज वाटते. परिषदेहून परतणाऱ्या तालुक्याच्या वार्ताहराच्या पिशवीत काय असते? एक स्मृतिचिन्ह आणि एक फोटो. त्याच रात्री त्याच्या तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर हल्ला झाला तर या दोन वस्तू त्याच्या काय कामाच्या?

या ठिकाणी एक जुना प्रसंग सांगितला पाहिजे. १९९६ साली दिल्लीत ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या अमेरिकन दैनिकाचे प्रतिनिधी म्हणून केनेथ कूपर काम करीत होते. कूपर हे कृष्णवर्णीय पत्रकार. त्यांनी ज्येष्ठ पत्रकार बी. एन. उनियाल यांच्याकडे एक साधी चौकशी केली. एखाद्या दलित पत्रकाराशी बोलायचे आहे, कोणाशी बोलू? उनियाल यांनी तीस वर्षांची आपली पत्रकारिता आठवून पाहिली आणि त्यांना एकही नाव आठवेना. मग त्यांनी केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची अधिस्वीकृत पत्रकारांची यादी काढली. यादीत ६८६ नावे होती. त्यातल्या ४५४ जणांची जात आडनावावरूनच कळत होती. त्यात दलित कोणी नव्हता. उरलेल्या २३२ पैकी ४७ जणांची त्यांनी चौकशी केली. त्यातही कोणी निघाला नाही. नोव्हेंबर १९९६ मध्ये त्यांनी हे ‘पायोनिअर’ दैनिकात लिहिले. त्याला पुढे दहा वर्षे झाल्यावर, २००६ साली, अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांमधल्या निर्णय घेणाऱ्या ३१५ व्यक्तींची पाहणी केली. अनुसूचित जाती-जमातीचा एकही माणूस सापडला नाही. २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी वृत्तसंस्थांमधली १२१ वरिष्ठ पदे तपासली. १०६ पदांवर उच्चवर्णीय होते आणि अनुसूचित जाती-जमातीचा एकही नव्हता. तेवीस वर्षे गेली, सरकारे बदलली, छपाईची यंत्रे बदलली, वृत्तवाहिन्या आल्या, मोबाइल आला. शून्य मात्र शून्यच राहिले!

हे आकडे आपल्या सभांमधून नेहमी सांगितले जातात आणि त्यावर टाळ्याही पडतात. पण या प्रसंगाची दुसरी बाजू आपण कधी पाहिली आहे काय? हा प्रश्न विचारावा असे सुचले कोणाला? जो स्वतः वगळलेल्या समाजातून आला होता, त्यालाच. आणि तो कृष्णवर्णीय माणूस एका मोठ्या दैनिकाचा परदेशी प्रतिनिधी होऊन दिल्लीपर्यंत पोहोचला, तो कोणाच्या मेहेरबानीने नव्हे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा आणि आपला संबंध जुना आहे. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, तेव्हा ड्यू बॉईस यांचे ‘क्रायसिस’ हे नियतकालिक तिथे तीन वर्षांपासून निघत होते. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी याच ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. आपण त्यांच्याकडून लढाऊपणा घेतला, कविता घेतली. पण त्यांनी पत्रकार कसे घडवले, हे घ्यायचे मात्र राहून गेले.

१९६७ साली अमेरिकेतल्या शहरांमध्ये दंगली पेटल्या. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या केर्नर आयोगाचा अहवाल १९६८ साली आला. त्यात वृत्तपत्रांवर स्वतंत्र प्रकरण होते. वृत्तपत्रे गोऱ्यांच्या नजरेनेच जग दाखवतात, असे त्या अहवालाचे सार होते. संपादकीय कामात कृष्णवर्णीय पाच टक्क्यांहूनही कमी आहेत, हेही त्यात नोंदवले होते. आपल्याकडे असता तर असा अहवाल कपाटात गेला असता आणि आपण निषेधाची पत्रके काढली असती. तिथे १२ डिसेंबर १९७५ रोजी ४४ पत्रकार वॉशिंग्टनला एकत्र आले आणि त्यांनी कृष्णवर्णीय पत्रकारांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. चक स्टोन हे तिचे पहिले अध्यक्ष. पुढे या संघटनेने देशाचे विभाग पाडले आणि विभागवार परिषदा सुरू केल्या. या परिषदांमध्ये काम चालते. कागदपत्रे कशी वाचायची, आकडेवारी कशी तपासायची, मुलाखत कशी घ्यायची याचे वर्ग होतात. नवखा मुलगा अनुभवी संपादकासमोर आपली बातमी ठेवतो आणि संपादक ती त्याच्यासमोर दुरुस्त करतो. नोकरी देणाऱ्या संस्था तिथे येतात. वार्षिक अधिवेशनात तर विद्यार्थी स्वतः वृत्तपत्र काढतात. प्रशिक्षण आणि ओळखी, या दोन गोष्टी घेऊन माणूस घरी जातो.

त्यांचे सगळे प्रश्न सुटले असे नाही. अमेरिकेतल्या संपादकांच्या संघटनेने १९७८ साली ठरवले होते की, २००० सालापर्यंत वृत्तपत्रांत अल्पसंख्य वर्णीयांचे प्रमाण लोकसंख्येइतके करू. तेव्हा ते चार टक्क्यांच्या आत होते. २००० साली ते जेमतेम बारा टक्क्यांवर गेले आणि उद्दिष्ट २०२५ वर ढकलावे लागले. म्हणजे गोऱ्यांनी दिलेला शब्द पाळला नाही. पण चारचे बारा झाले हेही खरे आहे. त्यांच्याकडे दरवर्षी मोजदाद होत होती आणि जाब विचारणारी संघटना उभी होती. आपल्याकडे शून्य शून्यच राहिले, कारण मोजणारेही एकटेदुकटे आणि जाब विचारणारेही विखुरलेले.

हे विखुरलेपण किती महाग पडते ते आपण खैरलांजीत पाहिले. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात भोतमांगे कुटुंबातल्या सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर या चौघांची हत्या झाली. तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला अशोक विजयादशमी होती. धम्मचक्र प्रवर्तनाचे ते सुवर्णमहोत्सवी वर्ष! लाखोंचा जनसागर नागपूरला दीक्षाभूमीवर जमला होता. शेजारच्या जिल्ह्यात आपल्या आयाबहिणींचे काय झाले, हे त्या जनसागरातल्या फार थोड्यांना ठाऊक होते. सुरुवातीला ज्या बातम्या आल्या त्यांत अनैतिक संबंधातून हत्याकांड झाल्याचा सूर होता. मृत स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून मोकळे झालेले हे बातमीदार पोलीस ठाण्याच्या पायरीवरून माघारी फिरले होते. खरे काय घडले ते बाहेर आले कार्यकर्त्यांच्या सत्यशोधन पथकांमुळे, हातोहात फिरलेल्या पत्रकांमुळे. विदर्भ पेटला तो नोव्हेंबरमध्ये. मधला महिना कोठे गेला?

मनुवादी प्रसारमाध्यमांनी दडपले, हे उत्तर खरे आहे. पण ते अर्धेच उत्तर आहे. मोहाडीत, भंडाऱ्यात आपला वाचक नव्हता काय? आपल्या चळवळीच्या दैनिकांचे वार्ताहर विदर्भात नव्हते काय? होते. पण गावात जाऊन दोन दिवस राहील, शवविच्छेदनाचा अहवाल मागेल, फिर्यादीची प्रत मिळवील आणि नागपूरच्या, मुंबईच्या चार संपादकांना एकाच वेळी कळवील, अशी साखळी नव्हती. १९०५ साली शिकागोत सुरू झालेल्या ‘डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या पत्राचे अंक रेल्वेच्या शयनयान डब्यांत काम करणारे कृष्णवर्णीय मजूर दक्षिणेतल्या गावागावांत पोहोचवीत असत. तिथे ते पत्र गोऱ्यांना खपत नव्हते. मजूर पत्रकार नव्हते, पण साखळी पक्की होती. खैरलांजीच्या वेळी आपल्याकडे माणसे होती, साखळी नव्हती.

पुढे न्यायालयात काय झाले तेही पाहू. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, त्यांतल्या सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची शिक्षा केली. अॅट्रॉसिटीचा कायदा मात्र दोन्ही ठिकाणी टिकला नाही. जातीमुळे हत्या झाली हे सिद्ध झाले नाही, असे ठरले. त्या वेळच्या कलम ३(२)(५) मध्ये गुन्हा जातीच्याच कारणावरून झाला हे दाखवावे लागे. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, ही अट बदलली. आता पीडित अनुसूचित जातीचा आहे हे आरोपीला माहीत होते, एवढे पुरते. बातमीमुळे निकाल बदलतो असे मी म्हणत नाही. पण पहिल्या आठवड्यात गावात कोण काय बोलत होते, जमिनीचा वाद कधीचा, शिवीगाळ कोणत्या शब्दांत झाली, याची नोंद करणारा जाणकार माणूस गावात असला तर पोलिसांनाही फिर्याद पातळ करताना चार वेळा विचार करावा लागतो.

आपले काही कार्यकर्ते म्हणतात, चळवळीतला पत्रकार पोटतिडकीने लिहितो, त्याला प्रशिक्षण कशाला? मला यावर कोर्टातला एक अनुभव सांगावासा वाटतो. अॅट्रॉसिटीचा एक खटला होता. फिर्यादीत पाच आरोपी होते. आपल्याच विचाराच्या एका पत्रात दुसऱ्या दिवशी बातमी आली, त्यात पंचवीस जणांचा जमाव होता आणि फिर्यादी बाईच्या तोंडी तिने कधीच न उच्चारलेली वाक्ये होती. उलटतपासणीत आरोपीच्या वकिलाने ते कात्रण बाईसमोर धरले. “बाई, हे तुम्हीच सांगितले ना? मग खरे काय, पाच की पंचवीस?” वर्तमानपत्रातली बातमी हा स्वतंत्र पुरावा होत नाही, हे कायद्याचे तत्त्व आहे आणि तसे आम्ही न्यायालयाला सांगितलेही. पण बाई गांगरली ती गांगरलीच. संध्याकाळी त्या वार्ताहराचा फोन आला, “वकीलसाहेब, जय भीम. मी तर आपल्या लोकांच्या बाजूनेच लिहिलं होतं.” त्याच्या तळमळीबद्दल मला आजही शंका नाही. पाचाचे पंचवीस केल्याने बाजू बळकट होत नाही, हे त्याला आजवर कोणी सांगितलेच नव्हते!

आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय स्त्री पत्रकाराने १८९२ साली झुंडबळींविरुद्ध लेखणी उचलली तेव्हा तिचे मेम्फिसमधले छापखान्याचे कार्यालय गोऱ्यांनी उद्ध्वस्त केले. तरी तिने आकडा फुगवला नाही. गोऱ्यांच्याच वृत्तपत्रांत छापून आलेली नावे, ठिकाणे आणि आरोप गोळा करून तिने याद्या केल्या. त्या याद्या खोट्या आहेत असे म्हणायला कोणाला तोंड उरले नाही. पोटतिडीक तिलाही होतीच की! तिने तिला शिस्त लावली.

आता आपल्या घरातल्या दुखण्याबद्दल बोलतो. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो. त्याने अंकाची एजन्सी घ्यायची, पार्सल सोडवायचे, बिल वसूल करायचे आणि १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर यांच्या पुरवण्यांसाठी जाहिराती आणायच्या. त्या जाहिरातींच्या कमिशनवर त्याचे घर चालते. जाहिरात देतो कोण? गावचा सरपंच, कारखान्याचा संचालक, पतसंस्थेचा चेअरमन, उमेदवारी मागणारा पुढारी. महामानवाला अभिवादन म्हणून अर्ध्या पानावर ज्याचा हसरा फोटो छापला, त्याच्याच भावकीने महिन्याभराने बौद्धवाड्याचे पाणी तोडले, तर हा वार्ताहर बातमी लिहील कशी? लिहिली तर पुढच्या जयंतीची जाहिरात गेली. त्याला दोष देऊन आपण सुटू शकत नाही. त्याला या कोंडीत आपणच उभे केले आहे.

त्याला संरक्षण तरी आहे काय? पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१७ साली संमत केला. पण कायद्याच्या व्याख्येत नियमित किंवा कंत्राटी नोकरीत असलेला पत्रकार बसतो. ज्याच्याकडे नेमणूकपत्रच नाही, तो मार खाल्ल्यावर आपण पत्रकार आहोत हे कशाने सिद्ध करणार? संपादक-मालकांनी आपल्या प्रत्येक वार्ताहराला साध्या कागदावर का होईना, मुदत आणि मानधन लिहिलेले नेमणूकपत्र दिले पाहिजे. त्याला कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही.

‘मूकनायक’ला राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. मदत घेणे वाईट नाही. पण मदत करणारा राजा आणि अग्रलेख गप्प करणारा पुढारी यांत फरक आहे. ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊ करूनही छापली नव्हती. ‘बहिष्कृत भारत’ चालवताना बाबासाहेबांना एकट्याने चोवीस-चोवीस रकाने भरावे लागले आणि अखेर १९२९ साली पैशाअभावी ते पत्र बंद पडले. त्यांना माणसे मिळाली नाहीत, हे दुःख होते. आज माणसे हजारोंनी आहेत, पदवीधर आहेत, हातात मोबाइल आहे. २००२ साली उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमधून ‘खबर लहरिया’ सुरू झाले. गावातल्या स्त्रियांना, त्यांत अनेक दलित, बातमी लिहायला शिकवून ते उभे राहिले. बांदा-चित्रकूटच्या कमी शिकलेल्या स्त्रिया जे करू शकतात ते फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्राला का जमू नये?

म्हणून माझी सूचना साधी आहे. पुढची विभागीय परिषद दोन दिवसांची, निवासी घ्यावी. मंगल कार्यालय नको, विहारात घ्या. व्यासपीठ नको, सगळ्यांनी खाली बसावे. कोणाचाही सत्कार करू नये आणि निवडणूक लढवणाऱ्याला बोलावू नये. खर्च प्रतिनिधींच्या वर्गणीतून आणि समाजाच्या धम्मदानातून व्हावा. निम्म्या जागा आपल्या तायांसाठी ठेवाव्यात आणि त्या भरल्याशिवाय परिषद सुरू करू नये.

पहिल्या दिवशी सकाळी प्रत्येकाच्या हातात एका फिर्यादीची प्रत द्यावी आणि ती ओळीओळीने वाचायला शिकवावी. संवेदनशील गुन्हे वगळता फिर्याद चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ सालचा आदेश आहे. आपल्यापैकी किती वार्ताहर ती तिथून काढून घेतात? अॅट्रॉसिटीचा तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही आणि दोषारोपपत्र साठ दिवसांत दाखल व्हायला हवे. एवढे माहीत असलेला वार्ताहर एकसष्टाव्या दिवशी ठाण्यात जाऊन प्रश्न विचारील आणि ती खरी बातमी होईल. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी झाली पाहिजे. झाली की नाही, हे माहितीच्या अधिकारात साध्या अर्जावर कळते. अत्याचारित स्त्रीची ओळख छापणे हा गुन्हा आहे. पूर्वी त्यासाठी दंड विधानाचे कलम २२८-अ होते, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचे कलम ७२ आहे. तळमळीच्या भरात आपल्याच भगिनीचे नाव छापणारे अंक मी पाहिले आहेत.

दुसऱ्या दिवशी शिकलेल्यांनी तिथेच चार पानांचा अंक काढावा. चुका सगळ्यांसमोर दाखवाव्यात, रागावू नये. आणि जाताना प्रत्येकाच्या खिशात एक कागद असावा. त्यावर विभागातल्या प्रत्येक तालुक्याचा एक वार्ताहर, प्रत्येक जिल्ह्याचा एक वकील, एक डॉक्टर आणि दोन संपादक यांचे फोन नंबर असावेत. घटना घडली की पहिला फोन कोणी कोणाला करायचा हे ठरलेले असावे. अफवा पुढे ढकलण्यापूर्वी गावातल्या माणसाकडून खात्री करून घ्यायची, हाही नियम त्याच कागदावर लिहावा. वकिलांनी आपली नावे आधी द्यावीत. मी माझ्या जिल्ह्यापुरते माझे नाव देतो. रात्री दोनला फोन आला तरी उचलीन.

बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला आणि संघटित व्हायला सांगितले. आपल्या परिषदांनी शिकणे सोडले आणि संघटित होणे फोटोपुरते ठेवले. उद्या एखाद्या तालुक्यातल्या वस्तीवर रात्री दगड पडतील, तेव्हा तिथल्या आपल्या मुलाला काय लिहायचे, काय तपासायचे आणि कोणाला फोन करायचा हे माहीत असले पाहिजे. खैरलांजीसारखा एक महिना पुन्हा वाया जाता कामा नये. येत्या ३१ जानेवारीला पत्रिका छापायला टाकण्यापूर्वी आयोजक बांधवांनी त्यातले सत्कारमूर्तींचे रकाने खोडावेत आणि तिथे वर्गांच्या वेळा लिहाव्यात.

जय भीम!